थांबलेला चौक आणि पक्ष्यांचे आवाज

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात पक्ष्यांची उणीव नाही. उणीव आहे ती त्यांचा आवाज पोहोचायला लागणाऱ्या शांततेची. जालना रोड, अदालत रोड, उस्मानपुऱ्याकडे आणि पैठण गेटकडे जाणारे रस्ते येथे एकत्र येतात, वरून उड्डाणपूल जातो, आणि शहरातले मोर्चे, धरणे, जयंतीच्या मिरवणुका यांचेही हेच ठिकाण. सकाळी नऊनंतर रात्री उशिरापर्यंत रिक्षा, बस, दुचाकी आणि हॉर्न यांचा एक सलग थर चौकावर पसरलेला असतो. त्या थराखाली कडुनिंबावर बुलबुल बोलत असतो, खांबाच्या टोकावर दयाळ गात असतो, पुलाखालून पाकोळ्या चिरचिरत जातात. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातले काहीच ऐकू येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या पक्ष्यांना एकमेकांचे बोलणेही अर्धेमुर्धेच ऐकू येते.

करोनाच्या साथीत २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूने हा थर उचलला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढत गेली. १४ एप्रिलला, म्हणजे आंबेडकर जयंतीला, एरवी ज्या दिवशी हा चौक निळ्या झेंड्यांनी आणि ढोलताशांनी भरून जातो त्या दिवशी, येथे मिरवणूक निघाली नाही. पुढे १० ते १८ जुलै या काळात शहरापुरती पुन्हा कडक टाळेबंदी लागली. त्या महिन्यांत गच्चीवर उभी राहणारी माणसे एकच गोष्ट बोलत होती: पक्षी फार वाढले आहेत. हे विधान अर्धे खरे आहे. त्यातले खरे कोणते आणि भास कोणता, हे निवडून पाहिले की शहरातले पक्षी कसे जगतात याची पुष्कळ माहिती हाती येते.

माणसाचा वावर अचानक ओसरण्याच्या या काळाला ख्रिस्तियन रुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून २०२० मध्ये ‘अँथ्रोपॉज’ हे नाव दिले. मराठीत त्याला मानवविराम म्हणता येईल. अभ्यासकांना हा काळ मोलाचा वाटला त्याला कारण होते. एरवी शांत जागा आणि गजबजलेली जागा यांची तुलना करायची तर अडचण येते: शांत जागी झाडेही जास्त असतात, इमारती कमी असतात, दिवे मंद असतात. मग पक्षी तिथे वेगळे वागतात ते नेमके कशामुळे, हे सांगता येत नाही. २०२० मध्ये चौक तोच राहिला, झाडे तीच, पूल तोच, रात्रीचे दिवेही तसेच जळत राहिले. कमी झाली ती माणसे, वाहने आणि त्यांचा आवाज. ११७ देशांतल्या २६८ भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले, की माणसाच्या हालचालींमुळे जमिनीला बसणारे बारीक हादरे काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरले होते. इतकी व्यापक शांतता मुद्दाम घडवून आणणे कोणत्याही प्रयोगशाळेला शक्य नव्हते. ती माणसांना फार महाग पडली, हे विसरून चालत नाही. याच शहराजवळ, करमाडनजीक, ८ मे २०२० च्या पहाटे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. रस्ते मोकळे होते त्याच दिवसांतली ही घटना आहे.

पक्षी ‘वाढले’ या विधानाचा पहिला भाग ध्वनीच्या साध्या हिशेबाने उलगडतो. मोकळ्या जागेत आवाजापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणून आजूबाजूचा गोंगाट ६ डेसिबलने कमी झाला, तर पूर्वी ५० मीटरवरून जेमतेम ऐकू येणारा दयाळ आता १०० मीटरवरून ऐकू येतो. अंतर दुप्पट झाले की ऐकू येणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्र चौपट होते. म्हणजे एकही नवा पक्षी न येता, गच्चीवर उभ्या माणसाला चौपट पक्षी ऐकू येऊ शकतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दिवसा व्यापारी भागात ६५, निवासी भागात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबल ही मर्यादा आहे. कागदावरच्या या तीन आकड्यांतही सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यात १५ डेसिबलचा फरक पडतो. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात आणि अशा क्षेत्रात हॉर्न वाजवायला मनाई असते. अदालत रोडवर, क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर, जिल्हा न्यायालय आहे. कायद्याने हवी असलेली शांतता त्या रस्त्याने बहुधा टाळेबंदीतच अनुभवली असेल.

दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. पक्ष्यांचे गाणेच बदलले का? याचे सर्वांत चांगले उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतून मिळाले. तेथे डोक्यावर काळे-पांढरे पट्टे असलेली, आपल्या चिमणीहून किंचित मोठी एक गाणारी जात आहे आणि तिची गाणी अभ्यासक कित्येक वर्षे ध्वनिमुद्रित करत आले आहेत. एलिझाबेथ डेरीबेरी आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले, की रहदारी थांबल्यावर हे नर हळू आवाजात गाऊ लागले आणि तरीही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोहोचू लागले. शिवाय गाण्यातले खालचे सूर परत आले. रहदारीचा घोंघाट मुख्यतः खालच्या सुरांत असतो. त्यात दबून जाऊ नये म्हणून शहरी नर वर्षानुवर्षे आपले गाणे वर उचलत गेले होते आणि त्यात गाण्याचा पल्ला आखूड झाला होता. गोंगाट वाढला की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये दाखवले होते. लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते, तेच हे. पक्ष्यांनाही त्या ओरडण्याची किंमत मोजावी लागते. गाणे पल्लेदार नसले तर मादीला ते कमी भावते, आणि शेजारचा नरही त्याला कमी जुमानतो. काही आठवड्यांच्या शांततेत हे ओझे उतरले, आणि पिढ्यानपिढ्या गोंगाटात वाढलेल्या पक्ष्यांना ते उतरवता आले, हे या अभ्यासातले खरोखर आनंद देणारे निरीक्षण आहे.

क्रांती चौकातल्या पक्ष्यांना हेच सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही. येथील पक्ष्यांमध्ये खालच्या आवाजाचे आणि वरच्या आवाजाचे असे दोन गट सहज दिसतात. भारद्वाजाचा खोल घुमणारा हुंकार, होल्याची गुरगुर, पारव्यांचे घुमणे हे सगळे इंजिनाच्या घरघरीच्या पट्ट्यात येते. रहदारी वाढली की हे आवाज सर्वांत आधी बुडतात. शिंपी आणि सूर्यपक्षी उंच, टोकदार आवाजाचे; ते इंजिनाच्या वरून निसटतात. मात्र आपल्याकडचा हॉर्न वरच्या आवाजाच्या पक्ष्यांनाही सोडत नाही. त्याचा कर्कश भाग साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि बुलबुल, दयाळ, साळुंकी यांचे बरेचसे बोलणे याच पट्टीत चालते. परदेशातल्या शहरी पक्ष्याला सूर वर चढवून सुटका करून घेता येते; जालना रोडवरच्या पक्ष्याला वर चढूनही हॉर्न गाठतोच. आपल्या शहरांतल्या पक्ष्यांविषयी बोलताना परदेशी निष्कर्ष उचलून चालत नाही, ते याचसाठी.

या संदर्भात तांबट नीट पाहण्यासारखा आहे. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळे. शेंड्यावरच्या वाळक्या काटकीवर बसून तो ‘टुक्, टुक्, टुक्’ करतो, मिनिटाला शंभरवर वेळा, एकाच लयीत. तांबे ठोकणाऱ्या कारागिराच्या हातोडीसारखा हा आवाज, म्हणूनच त्याचे नाव तांबट. हा आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते. गळ्यावरची कातडी प्रत्येक ठोक्याला फुगते, आणि डोके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळते. त्यामुळे आवाज कोठून येतो हे ऐकणाऱ्याला कळत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना बाकी पक्षी पानांत गप्प बसतात, तेव्हाही तांबट ठोकत राहतो. त्याच्या बोलण्यात बदल करायला वाव फार थोडा: सूर एक, लय एक. गोंगाटात त्याच्याकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे पुन्हा पुन्हा बोलत राहणे. शांततेत त्याचा ठोका दोन गल्ल्या ओलांडून जातो. टाळेबंदीत ज्यांनी ‘हा कोणता नवा पक्षी’ म्हणून विचारले, त्यांतल्या कित्येकांनी बहुधा जन्मभर शेजारी राहिलेला तांबट पहिल्यांदा ऐकला होता.

पक्षी वाढल्याचा भास होण्यामागे ऋतूचाही मोठा हात आहे. टाळेबंदी मार्चच्या अखेरीस लागली. मराठवाड्यात हा कडुनिंबाला नवी पालवी आणि मोहर येण्याचा, आणि बहुतेक स्थानिक पक्ष्यांचा घरटी करण्याचा काळ. दयाळ हिवाळाभर जवळजवळ मुका असतो आणि मार्चमध्ये त्याला कंठ फुटतो. कोकीळ मार्चपासून जुलैपर्यंत बोलतो. कावळे एप्रिल ते जूनमध्ये काटक्या आणि लोखंडी तारांची घरटी बांधतात, कोकिळा त्यांतच अंडी घालते, आणि नर कोकीळ मुद्दाम समोर येऊन कावळ्यांना आपल्या मागे पळवतो, तेवढ्यात मादीचे काम उरकते. हा सगळा गलबला दरवर्षी होतो. २०२० मध्ये तो वाढला असे म्हणण्यापेक्षा त्याच्यावरचा पडदा उठला असे म्हणणे बरोबर. टाळेबंदी नोव्हेंबरात लागली असती तर गच्चीवरच्या माणसांना यातले निम्मेही ऐकू आले नसते.

तरीही सगळा भास नव्हता. स्पेनमधल्या कॅटालोनियात नागरिकांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात असे दिसले, की शहरात नवे पक्षी फारसे आले नाहीत. आधीच्याच पक्ष्यांच्या नोंदी, विशेषतः भल्या सकाळच्या, वाढल्या. म्हणजे बदलले ते दिवसाचे वेळापत्रक. शहरी पक्षी गाण्याची घाई करतात, कारण रस्ता जागा होण्याआधी त्यांना आपले म्हणणे सांगून टाकायचे असते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबिन पक्ष्यांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दिवसा गोंगाट असलेल्या भागातले नर रात्री गातात असे आढळले होते. क्रांती चौकात एप्रिलमध्ये उजाडते सहाच्या सुमारास आणि रहदारी अंगावर येते नवानंतर. पक्ष्यांच्या वाट्याला तीन तास. टाळेबंदीत ही पहाट दहापर्यंत, अकरापर्यंत लांबली, आणि तिला अखेर थांबवले ते उन्हाने. रहदारीने थांबवणे आणि उन्हाने थांबवणे यांत पक्ष्यासाठी मोठा फरक आहे. उन्हाशी जमवून घ्यायला त्याची जात लाखो वर्षे शिकली आहे.

वेळेप्रमाणे जागाही बदलल्या. प्रत्येक पक्ष्याचे बुजण्याचे एक अंतर असते. माणूस त्याच्या आत आला की तो उडतो. दर दोन मिनिटांनी उडावे लागले तर चरण्यापेक्षा सावध राहण्यातच दिवस जातो. वर्दळ थांबली की हे अंतर ओलांडणारे कोणी राहत नाही, आणि जमिनीवर चरणारे पक्षी कडेची जागा सोडून मध्यभागी येतात. होले, साळुंक्या, सातभाईंचे थवे अशा वेळी दुभाजकातली माती आणि रस्त्यावरचा पालापाचोळा उपसू लागतात. टिटवी तर उघड्यावरच, खडीत चार अंडी घालते, कधी सपाट गच्चीवरसुद्धा. तिच्यासाठी पावलांची ये-जा थांबणे म्हणजे अंडी वाचणे. उत्तर अमेरिकेत ८२ जातींच्या नोंदी तपासल्यावर सुमारे ८० टक्के जातींचा वापर बदललेला आढळला. रस्ते आणि विमानतळ यांच्या जवळ बहुतेकांची संख्या वाढली, काहींची घटली. ब्रिटनमधल्या २५ जातींच्या अभ्यासाचा निकाल मात्र संमिश्र निघाला, आणि जवळपास निम्म्या जातींत फारसा फरकच दिसला नाही. त्याचे एक कारण सहज ध्यानात येते. रस्ता शांत झाला तेव्हा घरे भरली. अंगणात मुले, गच्चीवर पतंग, बाल्कनीत फोनवर बोलणारी माणसे. जालना रोडवरच्या पक्ष्याला मोकळीक मिळाली, तर नूतन कॉलनीच्या अंगणातल्या पक्ष्याची थोडी हिरावली गेली असणार.

माणसावर पोट असलेल्या पक्ष्यांचे दिवस तर उलटे फिरले. कावळा, पारवा आणि चिमणी हे माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर, सांडलेल्या धान्यावर जगायला शिकलेले पक्षी आहेत. चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, खानावळी बंद झाल्या की त्यांचे ताट ओढले जाते. भटक्या कुत्र्यांचे हाल तर उघड्यावर दिसत होते, आणि अनेक शहरांत माणसे त्यांच्यासाठी पोळ्या घेऊन बाहेर पडली. रस्त्यावर मरणारे प्राणी कमी झाले हे चांगलेच; पोलंडमध्ये गाड्यांखाली मरणाऱ्या साळूसारख्या काटेरी हेजहॉगांची संख्या निम्म्याहून खाली आली. पण त्या मृत जनावरांवर घारी आणि कावळे जगत असतात, हीही त्याच हिशेबातली दुसरी नोंद आहे. माणूस हटला की सगळ्यांचे भले होते, हा समज स्वीडनच्या एका बेटाने पार मोडून काढला. स्टोरा कार्ल्सो बेटावर पर्यटक येईनासे झाले तसे पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड तेथे पूर्वीच्या सातपट वेळा दिसू लागले. त्यांच्या भीतीने कड्यावर अंडी उबवणारे गिलेमॉट पक्षी पुन्हा पुन्हा उडत राहिले, अंडी कड्यावरून घरंगळली आणि त्या हंगामात त्यांची वीण २६ टक्क्यांनी घटली. तेथे माणसांची वर्दळ नकळत त्या पक्ष्यांची राखण करत होती.

मोठ्या प्राण्यांच्या बातम्या सर्वांत जास्त पसरल्या आणि त्याच सर्वांत जास्त तपासून घ्याव्या लागतात. व्हेनिसच्या कालव्यातले डॉल्फिन खोटे निघाले. ती चित्रफीत दुसऱ्याच ठिकाणची होती. केरळात दिसलेले ‘अतिदुर्मीळ’ मलबार उदमांजर प्रत्यक्षात नेहमीचे लहान कस्तुरी मांजर होते. नवी मुंबईच्या खाडीत त्या उन्हाळ्यात दीड लाखांच्या घरात रोहित पक्षी उतरले, हे खरे. पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तज्ज्ञांनी तेव्हाच सांगितले होते, की दोन वर्षांपूर्वी झालेल्या चांगल्या विणीतून आलेल्या पिल्लांचे मोठे थवे हे त्यामागचे एक मुख्य कारण आहे. संभाजीनगरचा बिबट्याही हेच सांगतो. ३ डिसेंबर २०१९ रोजी सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला, तेव्हा टाळेबंदीचे नावही कोणाला माहीत नव्हते. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत कॅमेऱ्यांनी बिबट्या टिपला, तेव्हाही शहर भर गर्दीत होते. बिबट्या शांततेमुळे येतो असे नाही. शहर डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेले आहे आणि रात्री तो नेहमीच फिरत असतो. मोठ्या प्रमाणावर मोजले तेव्हा काय दिसले? कॉलर लावलेल्या ४३ जातींच्या २,३०० सस्तन प्राण्यांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये असे मांडले गेले, की कडक टाळेबंदीत त्यांचे लांब पल्ल्याचे फिरणे ७३ टक्क्यांनी वाढले आणि ते रस्त्यांच्या सरासरी ३६ टक्के अधिक जवळ आले. वेगवेगळ्या जातींचा प्रतिसाद मात्र वेगवेगळा होता. शहरातल्या खारी, मुंगूस आणि हिमायतबागेतल्या वटवाघळांसारख्या सोबत्यांविषयी असे मोजमाप झाले असते तर फार उपयोगी पडले असते.

पाहणारा माणूसही बदलला होता, आणि हा बदल मोजणे सर्वांत कठीण. एरवी ज्याला सकाळी सातला घर सोडून वाळूजची बस गाठायची असते, तो दोन महिने खिडकीत बसला. त्याच खिडकीसमोर शिंप्याने दोन पाने कोळिष्टकांच्या आणि कापसाच्या धाग्यांनी शिवून केलेले घरटे दरवर्षी असते. तो ते पहिल्यांदा पाहत होता. नागरिकांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांना म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या: पक्षी जास्त दिसले की पाहणारे जास्त वेळ पाहत होते. ज्या अभ्यासांनी आधीच्या वर्षांशी, त्याच जागी, तेवढाच वेळ पाहून तुलना केली, त्यांचाच शब्द धरावा.

हे बदल टिकले का? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ परिसरात राहणाऱ्या जुंको पक्ष्यांचे उदाहरण येथे बोलके आहे. परिसर ओस पडल्यावर जन्मलेल्या पिल्लांच्या चोची रानातल्या जुंकोंसारख्या भरल्या, बहुधा उष्टे संपल्यामुळे; आणि विद्यार्थी परतल्यानंतरच्या पिढ्यांत चोची पुन्हा शहरी घडणीच्या झाल्या. गाण्याचा बदल तर त्याहून लवचिक, कारण तो जन्माने येत नाही, ऐकण्या-बोलण्याने येतो. गोंगाट परतला की आवाज चढतो.

क्रांती चौकात ही शांतता आजही लहान तुकड्यांत मिळते. उजाडायच्या आधी अर्धा तास, रविवारी थोडी अधिक, दिवाळीनंतरच्या आळसावलेल्या सकाळी, आणि मे महिन्याच्या दुपारी दोन ते चार, जेव्हा ऊन रस्ता रिकामा करते. पहाटेच्या तुकड्यात क्रम साधारण ठरलेला असतो: अंधारातच पिंगळ्यांच्या जोडीची कचकच, मग दयाळ, मग बुलबुल आणि साळुंक्या, त्यानंतर कावळे. मार्च ते मे या काळात कोकीळ या सगळ्यांच्या आधी सुरू करतो आणि मध्येच कोठेही शिरतो. तांबट उन्हाची पहिली तिरीप शेंड्यावर पडेपर्यंत थांबतो, आणि पहिली शहर बस पुलाखालून गेली की त्याचा ठोका फक्त झाडाखाली उभ्या असलेल्यालाच ऐकू येतो.